अली की टायसन? आधी साल सांगा

रविवारची सकाळ, गंगापूर रोडवरचं मिसळीचं एक ठिकाण. तर्री टेबलावर येऊन निवत चालली होती आणि आमच्या चिरंजीवांनी मोबाइल पाण्याच्या भांड्याला टेकवून उभा केला होता. त्यावर एआयने बनवलेली रील. एका कोपऱ्यात तरुण मोहम्मद अली, दुसऱ्यात तरुण माइक टायसन. खरं तर हे दोघे बॉक्सर रिंगमध्ये कधी समोरासमोर आलेच नाहीत. अलीची शेवटची लढत १९८१ची, टायसनची पहिली व्यावसायिक लढत १९८५ची. रीलमध्ये मात्र दीड मिनिटात टायसनचा डावा हुक बसला आणि अली आडवा.

"बघा आजोबा," चिरंजीव माझ्या मामांना म्हणाले, "ऐन भरातल्या टायसनपुढे कुणी टिकत नाही."

मामा पंच्याहत्तरीचे. तरुणपणी पंचवटीतल्या एका तालमीत माती अंगाला लावलेले, आणि अलीचे जुने भक्त. त्यांनी पाव मोडला, रश्श्यात बुडवला आणि विचारलं, "बाळा, कुस्ती लावतो कोण? वस्ताद. जोड बघून लावतो. तुझ्या फोनचा वस्ताद कोण?"

तिथून पुढे दीड तास गेला. दोन रस्से वाढीव मागवले गेले, निकाल काही लागला नाही. हा वाद जगभर चालतो आणि बहुतेक वेळा असाच अडकतो, कारण दोन्ही बाजूंना वाटतं की आपण एकाच प्रश्नावर भांडतोय. प्रत्यक्षात त्या एका प्रश्नात चार-पाच वेगवेगळे प्रश्न कोंबलेले असतात. ते सुटे केले की निम्मं भांडण तिथेच मिटतं. उरलेलं निम्मं मात्र मजेचं असतं.

लागतील तेवढेच शब्द

बॉक्सिंगमध्ये कुस्तीसारखेच वजनगट असतात. हेवीवेट हा सगळ्यात वरचा. त्याला खालची मर्यादा आहे, वरची नाही. आज बहुतेक संघटनांत ती खालची मर्यादा २०० पौंड, म्हणजे सुमारे ९१ किलो. 'रीच' म्हणजे दोन्ही हात आडवे पसरल्यावर या टोकाच्या बोटापासून त्या टोकाच्या बोटापर्यंतचं अंतर. अलीची रीच ७८ इंच, टायसनची ७१. 'जॅब' म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा. समोरच्याला लांब ठेवायला तो कामी येतो. 'हुक' कोपर वाकवून बाजूने येतो, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून येत असल्यामुळे उशिरा दिसतो. एवढ्यावर लेख पार पडेल.

'ऐन भरात' म्हणजे नक्की कधी?

द्राक्षं कधी उतरवायची हे आपला बागायतदार अंदाजाने ठरवत नाही. मण्याच्या रसाचा एक थेंब ब्रिक्स मीटरच्या काचेवर टाकतो, उजेडाकडे धरतो आणि गोडीचा आकडा वाचतो. बॉक्सरला असं मीटर लावता येत नाही. त्याचा भर आपण मागाहून ठरवतो आणि आपल्या सोयीने ठरवतो.

अलीचंच घ्या. जाणकार बहुधा १४ नोव्हेंबर १९६६च्या रात्रीकडे बोट दाखवतात. ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला त्याने तिसऱ्या फेरीत संपवलं तेव्हा अली २४ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी त्याने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला, त्याचं विजेतेपद काढून घेतलं गेलं आणि मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७० एकही लढत झाली नाही. वय पंचवीस ते अठ्ठावीस. ज्या वयात बॉक्सर पिकतो, त्या वयातला अली कुणी पाहिलेलाच नाही. मामांना जो अली प्रिय आहे, १९७४ साली किन्शासात दोरांना टेकून जॉर्ज फोरमनचे ठोसे झेलणारा आणि आठव्या फेरीत त्यालाच लोळवणारा, तो ३२ वर्षांचा होता. पाय मंदावले होते म्हणून तर दोरांचा आधार. १९६६चा अली आणि १९७४चा अली ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि वादात आपण १९६६चे पाय १९७४च्या छातीला जोडून तिसराच अली उभा करतो.

टायसनचं कोडं याहून गमतीचं. त्याची रात्र म्हणजे २७ जून १९८८. तोवर अपराजित असलेला मायकेल स्पिंक्स ९१ सेकंदांत गार. त्यानंतर वीस महिन्यांनी टोकियोत बस्टर डग्लसने टायसनला दहाव्या फेरीत बाद केलं. सट्टेबाजांचा भाव होता डग्लसवर एकाला ४२. त्या वेळी टायसनचं वय अवघं २३. वयाने तो भरातच होता. पण त्याचे चाहते म्हणतात, छे, तेव्हा तो भरात नव्हता, प्रशिक्षक केव्हिन रूनी सुटला होता, सराव सुटला होता. कारणं खरी आहेत. तरी यातली मेख ओळखा: हरला म्हणून भरात नव्हता, आणि भरात नव्हता म्हणून हरला. या चक्रात शिरलं की कुठलाही विजेता कधीच हरत नाही.

दुसरी चलाखी आपण नकळत करतो. आपल्या माणसाची सर्वोत्तम रात्र घेतो आणि दुसऱ्याची सरासरी. चिरंजीवांच्या टायसनकडे ९१ सेकंदांची रात्र होती, पण त्यांच्या अलीकडे १९६३ची ती फेरी होती जिच्यात हेन्री कूपरने त्याला खाली बसवलं होतं. तोलायचं तर दोघांच्या चांगल्या रात्री तरी घ्या, नाहीतर दोघांची रोजची भाकरी.

"पण कॉम्प्युटरनेच सांगितलं ना?"

हा खेळ एआयच्या फार आधीचा आहे. १९६७ साली मरे वॉरोनर नावाच्या अमेरिकन निर्मात्याने जुन्या-नव्या हेवीवेट विजेत्यांची रेडिओवर स्पर्धाच लावली होती. जाणकारांनी दिलेले गुण एनसीआर ३१५ या कॉम्प्युटरला भरवले आणि निघालेला निकाल समालोचनासारखा वाचून दाखवला. त्यात अली जिम जेफ्रीजकडून हरला. जेफ्रीज एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विजेता झालेला माणूस! अलीने दावाच ठोकला. त्यातून पुढची कल्पना निघाली. १९६९ साली बंदीमुळे रिकामा बसलेला अली आणि निवृत्त रॉकी मार्सियानो या दोघांना खरोखर रिंगमध्ये उतरवून चित्रीकरण केलं. मार्सियानोने त्यासाठी वजन उतरवलं आणि डोक्यावर केसांचा टोप चढवला. शेवट एकाहून अधिक चित्रित केले गेले. ३१ ऑगस्टला मार्सियानो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७०मध्ये अमेरिकेतल्या पडद्यांवर निकाल दिसला: तेराव्या फेरीत मार्सियानोचा नॉकआउट. दुसरीकडे दाखवलेल्या एका आवृत्तीत जिंकला अली.

एकाच कॉम्प्युटरचे दोन निकाल कसे? कारण असा कॉम्प्युटर भविष्य सांगत नाही, फासे टाकतो. प्रत्येक ठोशासाठी एक फासा. कुणाचा फासा किती भारलेला, हे माणसांनी आधी सांगितलेलं असतं. एकदा टाकून आलेला निकाल म्हणजे एक दान. हजारदा टाकून "शंभरात साठ वेळा अमुक" असं सांगितलं तर त्याला काही अर्थ. आणि तेही भरवलेले गुण बरोबर असतील तरच.

आमच्या टेबलावरची रील तर त्याच्याही खालच्या पायरीवरची. चित्रं बनवणारं एआय ठोशाचं वजन मोजत नाही की दमछाक मोजत नाही. आजवर पाहिलेल्या हजारो चित्रफितींवरून पुढचं चित्र कसं दिसेल एवढंच ते रचतं. टायसनच्या बहुतेक चित्रफितींत समोरचा पडतो, म्हणून इथेही पडला. मामांच्या भाषेत, वस्तादच नव्हता.

मग बुद्धिबळासारखे गुण का देऊ नयेत?

हा आक्षेप चांगला आहे, आणि नाशिककरांना तो लवकर सुचतो. बुद्धिबळात प्रत्येकाला एक आकडा असतो, 'इलो' मानांकन. आर्पाद इलो या गणिती डोक्याच्या बुद्धिबळपटूने ही पद्धत बांधली आणि जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. तत्त्व साधं. तगड्याला हरवलं तर गुण जास्त, लिंबूटिंबूला हरवलं तर नाममात्र. दोघांच्या गुणांत १०० चा फरक असेल तर वरच्याला शंभर डावांतून सुमारे ६४ गुण अपेक्षित. २०० चा फरक असेल तर ७६.

आता आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीची २०२४ची कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा, आठवा. टोरांटोत त्याने हिकारू नाकामुराला दोन्ही डावांत हरवलं. स्पर्धा संपली तेव्हा मात्र नाकामुराचे साडेआठ गुण होते आणि विदितचे सहा. आकडा शेवटी एकूण ताकद सांगतो, अमक्या दोघांची गाठ पडली तर काय होईल हे पूर्ण सांगत नाही. बुद्धिबळपटू वर्षाला ढिगाने डाव खेळतो, म्हणून आकडा निदान स्थिरावतो तरी. मार्सियानोच्या आयुष्यभराच्या लढती ४९, अलीच्या ६१. त्यांतल्या बरोबरीच्या माणसांशी झालेल्या हाताच्या बोटांवर.

शिवाय काळाकाळातला दुवा कच्चा. दुवा आहे, नाही असं नाही. जो लुई १९५१ साली मार्सियानोशी लढला, मार्सियानो आर्ची मूरशी, मूर १९६२ साली तरुण अलीशी, अली लॅरी होम्सशी, होम्स टायसनशी, टायसन लेनॉक्स लुइसशी. लुइसशी लढलेला हसीम रहमान पुढे व्लादिमिर क्लिच्कोशी, क्लिच्को टायसन फ्युरीशी, आणि फ्युरी २०२४ साली ओलेक्सांद्र उसिकशी. सत्तरेक वर्षांची अखंड साखळी! पण कडी-कडी तपासा. मार्सियानोपुढचा लुई ३७ वर्षांचा. अलीपुढचा मूर पंचेचाळिशी उलटलेला. होम्सपुढचा अली ३८, टायसनपुढचा होम्स ३८, फ्युरीपुढचा क्लिच्को ३९. जवळपास प्रत्येक कडीत म्हातारा पहिलवान तरण्याकडून हरतोय. गुण मोजत गेलात तर प्रत्येक नवी पिढी आधीच्यापेक्षा सरस निघणारच.

दगड, कागद, कात्री

आता या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग. "अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, म्हणजे अ क ला हरवणार" हा हिशेब वजनकाट्यावर चालतो, रिंगमध्ये नाही.

१९७३ साली केन नॉर्टनने अलीला हरवलं, जबडा मोडून. १९७४च्या मार्चमध्ये फोरमनने त्याच नॉर्टनला दुसऱ्या फेरीत संपवलं. त्याच ऑक्टोबरात अलीने फोरमनला. दुसरं वर्तुळ: जो फ्रेझरने १९७१ साली अलीला हरवलं, फोरमनने १९७३ साली फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहादा खाली पाडलं, आणि पुन्हा अलीने फोरमनला. तिघेही थोर, चार वर्षांच्या आतली गोष्ट, वयाची फारशी सबब नाही. तरी सरळ क्रम लागत नाही.

कारण शैली. फ्रेझर आणि नॉर्टन पुढे घुसणारे. फोरमनला समोर चालत येणारा माणूस म्हणजे आयती शिकार. अली मागे सरकत, मान मागे खेचत ठोसा चुकवायचा. फोरमनचे घाव हवेत जायचे आणि तो दमायचा. पण हात खाली ठेवून मान सरळ मागे खेचण्याच्या याच सवयीमुळे घुसणाऱ्याचा डावा हुक अलीला सापडायचा. सनी बँक्स, कूपर, फ्रेझर: तिघांनी अलीला खाली पाडलं, तिघांनी डाव्या हुकने. टायसनचा सर्वांत जहाल ठोसा कोणता, ते रीलमध्ये आलंच आहे.

हे ऐकल्यावर मामा जरा गप्प झाले होते. मग म्हणाले, "ढाक लावणारा कितीही भारी असू दे, समोरचा खाली वाकूनच आला तर ढाक लावणार कुठे." मला वाटतं त्यांनी हा परिच्छेद माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितला.

आजचे खेळाडू सरसच असणार ना?

धावणं, पोहणं यांत हो. तिथे घड्याळ मोजतं. गोदावरीला पूर आला की आपण म्हणतो, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलं, छातीपर्यंत आलं, बुडाला. २००८चा पूर मोठा की २०१९चा, हे आपण मारुतीवर मोजू शकतो, कारण मूर्ती जागची हलत नाही. बॉक्सरला मोजायची पट्टी म्हणजे समोरचा बॉक्सर, आणि तो काळाबरोबर बदलतो. समजा दुतोंड्या मारुतीच पाण्यावर तरंगू लागला. मग पूर किती आला, हे कसं सांगणार?

आहार, सराव, वैद्यक सुधारलं हे खरंच. पण खेळाला मिळणारी माणसं बदलतात. पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता जॅक जॉन्सन १९१५ साली हरल्यावर १९३७ साली जो लुई येईपर्यंत एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेट विजेतेपदासाठी लढू दिलं गेलं नाही. हॅरी विल्स तेव्हाच्या विजेत्या जॅक डेम्पसीशी लढायला वर्षानुवर्षं दार ठोठावत राहिला. क्यूबाच्या तेओफिलो स्टीव्हनसनने १९७२, १९७६, १९८० अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णं घेतली, पण तो व्यावसायिक झालाच नाही. सोव्हिएत संघ मोडल्यावर पूर्वेकडची दारं उघडली म्हणून क्लिच्को आणि उसिक आपल्याला दिसले. प्रत्येक काळाच्या विजेत्यांच्या यादीला अशी न लढलेल्यांची एक अदृश्य यादी चिकटलेली असते.

आणि वजन?

मार्सियानो सुमारे १८५ पौंडांचा. आजच्या नियमाने तो हेवीवेटच नाही. डब्ल्यूबीसी या संघटनेने तर २०२० साली २०० ते २२४ पौंडांचा 'ब्रिजरवेट' गट काढला. त्यात १९६६चा अली (सुमारे २१२) आणि १९८८चा टायसन (सुमारे २१८) दोघेही बसतात. हो, टायसन पाच इंच बुटका, पण वजनाने अलीपेक्षा जड. टेबलावर हे कुणालाच पटेना.

पण वजन म्हणजे निकाल नव्हे. १९१९ साली डेम्पसीने त्याच्याहून ५८ पौंड जड जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सातदा पाडलं. डिसेंबर २०२४मध्ये उसिकने ५५ पौंड जड फ्युरीला गुणांवर हरवलं. १०५ वर्षांचं अंतर, फरक जवळपास तोच.

नियम कुणाचे धरायचे?

यावर फार कमी लोक भांडतात आणि सर्वांत जास्त फरक इथे पडतो. पूर्वी विजेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची असे. १९८२ साली कोरियाचा किम डुक कू लढतीतल्या दुखापतीने गेला, त्यानंतर ती हळूहळू १२ची झाली.

तीन फेऱ्यांनी काय होतं? १९४१ साली बिली कॉन हा खूपच हलका बॉक्सर बारा फेऱ्यांअंती गुणांत जो लुईच्या पुढे होता. तेराव्यात लुईने त्याला बाद केलं. १९५२ साली मार्सियानो जर्सी जो वॉलकॉटच्या तिन्ही पंचांच्या कागदांवर मागे होता. त्यानेही तेराव्यातच नॉकआउट केला आणि विजेता झाला. आजच्या नियमांत लुईची विजेतेपदाच्या सलग २५ बचावांची मालिका अर्ध्यात तुटली असती, आणि "४९ लढती, एकही हार नाही" हे मार्सियानोचं वाक्य कुणी ऐकलंच नसतं.

डेम्पसीच्या त्या सात वेळांचंही असंच. तेव्हा समोरचा पडला की दूरच्या कोपऱ्यात जाण्याची सक्ती नव्हती. डेम्पसी विलार्डच्या डोक्यावर उभा राहायचा आणि तो उठायला लागला की पुन्हा हाणायचा.

बरं, पण शेवटी कोण?

एवढं सगळं सांगून हात झटकणं मला जमणार नाही, चिरंजीव सोडणारही नाहीत. तर अटी अशा: १९६६चा अली, १९८८चा टायसन, १२ फेऱ्या, आजचे नियम. शंभर लढती लावल्या तर माझ्या मते साठेक अलीच्या.

टायसनच्या चाळिसातल्या बहुतेक पहिल्या चार फेऱ्यांत, त्याच डाव्या हुकने. त्याच्यासारख्या घडणीच्या फ्रेझरने अलीला तीन लढतींत ४१ फेऱ्या छळलं आहे, आणि टायसनचे हात फ्रेझरपेक्षा वेगवान होते. पण लढत पाचवीच्या पुढे गेली की पारडं झुकतं. बोनक्रशर स्मिथने नुसती मिठी मारमारून आणि टोनी टकरने उंची वापरून टायसनपुढे बारा फेऱ्या काढल्या. डग्लसने लांब जॅबवर त्याला रोखून धरलं. अलीकडे यांपेक्षा चांगला जॅब होता, यांपेक्षा चांगले पाय होते, आणि मान दाबून मिठी मारण्यात तो तर बदमाशच होता. शिवाय ६१ लढतींत दहा आकडे मोजून अलीला कुणी बाद केलेलं नाही. एकदाच थांबवला गेला, १९८० साली होम्सपुढे, तेही त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांनी.

साठ-चाळीस म्हणजे काय, तेही बघा. टोकियोत एकाला ४२ भाव होता, म्हणजे शंभरात जेमतेम दोन-सव्वादोन संधी, आणि ती रात्र आली. चाळीस तर कितीतरी मोठी संधी. रील खोटी होती, पण तिच्यातला शेवट अशक्य नव्हता.

मामांनी हात धुतले, मिशी पुसली. मला वाटलं, विषय संपला. बिल द्यायला उठलो तोच त्यांनी चिरंजीवांना हाक मारली. "अरे, हौदा केवढा धरलाय बापाने?"

मी रिंगचं मापच सांगितलं नव्हतं. चिरंजीवांनी फोनवर शोधलं. दोरांच्या आत साधारण १६ ते २४ फूट, संघटनेनुसार.

"२४," मामा म्हणाले.

"१६," चिरंजीव म्हणाले, आणि दोघे पुन्हा बसले.